तीन गोळ्यांच्या ग्रुपवर किती विश्वास ठेवावा? घरी भरलेल्या काडतुसांच्या अचूकतेची चाचणी

ओहायोमध्ये राहणाऱ्या एका मराठी नेमबाजाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे .३०८ विंचेस्टर या काडतुसाची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे आणि गेल्या वर्षापासून ते स्वतःची काडतुसे स्वतः भरतात. १६८ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे लहान एकक) सिएरा मॅचकिंग गोळी कायम ठेवून त्यांनी पावडरचे वजन ०.३ ग्रेनने वाढवत सात पायऱ्या केल्या, प्रत्येक पायरीची तीन काडतुसे भरली आणि १०० यार्डांवर सात ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचे पुंजके) मारले. ते अनुक्रमे १.२, ०.८, १.०, ०.५, १.१, १.५ आणि ०.९ इंचांचे आले. अर्ध्या इंचाचा चौथा ग्रुप पाहून त्यांनी त्याच वजनाची पन्नास काडतुसे भरली. पण पुढच्या आठवड्यात त्याच काडतुसांनी १.३, ०.९ आणि १.१ इंचांचे ग्रुप दिले. ‘माझा वजनकाटा बिघडला आहे, केसेस (काडतुसांच्या पितळी पुंगळ्या) खराब आहेत, की हवामान बदलल्यामुळे पावडर वेगळी वागली?’ असे त्यांनी विचारले आहे, आणि नवा काटा घ्यावा का, हेही.

पेनसिल्व्हेनियातील एका क्लबच्या रेंजवर मी अठरा वर्षे काडतुसे भरून तपासतो आहे आणि त्यांपैकी बरीच वर्षे तिथे सुरक्षा अधिकारी म्हणूनही उभा राहिलो आहे. नवा माणूस काडतुसे भरू लागला की पहिल्या वर्षात त्याला हा अनुभव येतोच. म्हणून आधी प्रश्नच थोडा वेगळ्या शब्दांत मांडतो. ‘चांगले चालणारे काडतूस अचानक का बिघडले?’ असे तुम्ही विचारत आहात. पण ते काडतूस इतरांपेक्षा चांगले होते, हे मुळात सिद्ध झाले होते का? माझ्या मते झाले नव्हते. काटा, केस किंवा पावडर यांपैकी काहीही बिघडल्याचा पुरावा तुमच्या आकड्यांत नाही. नवा काटा घेऊ नका.

कारण समजून घेण्यासाठी क्षणभर असे धरा की तुमच्या सातही पायऱ्या अचूकतेच्या दृष्टीने अगदी सारख्या आहेत. तरीही प्रत्येक गोळी केंद्रापासून थोडी वेगळ्या दिशेला आणि थोड्या वेगळ्या अंतरावर पडणारच. अशा विखुरलेल्या गोळ्यांमधून कोणत्याही तीन उचलल्या, तर त्यांच्यातील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांचे अंतर दर वेळी बरेच बदलते. संख्याशास्त्राच्या हिशेबाने तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या आकारात सरासरीच्या ३५ ते ४० टक्के इतका चढउतार निव्वळ योगायोगाने होतो. तुमच्या सात ग्रुपांची सरासरी बरोबर १.० इंच आहे. ज्या रायफलीची तीन गोळ्यांची सरासरी एक इंच आहे, तिच्यातून एकाच वजनाची, एकाच पेटीतील काडतुसे वापरून सात ग्रुप मारले, तरी सर्वांत लहान ग्रुप अर्ध्या इंचाच्या आणि सर्वांत मोठा दीड इंचाच्या आसपास येणे अपेक्षित आहे. तुमच्याही कागदावर नेमके तेच आकडे आहेत.

पुढच्या आठवड्याचे तीन ग्रुप सरासरी १.१ इंचाचे आले. म्हणजे निवडलेले काडतूस बिघडले नाही, तर ते आपल्या स्वाभाविक सरासरीवर परत आले. सात मुलांना प्रत्येकी दोनदा फासा टाकायला लावला आणि ज्याला दोन्ही वेळा सहा पडले त्याचा हात चांगला म्हणून सोंगटी त्याच्याच हाती दिली, तर पुढच्या डावात जे होईल तेच इथे झाले आहे. अनेकांतून सर्वांत लहान आकडा उचलला की त्या आकड्यात गुणवत्तेपेक्षा नशिबाचाच भाग जास्त असतो.

माझे म्हणणे पटत नसेल तर एक प्रयोग अवश्य करा, कारण मलाही हे वाचून पटले नव्हते, करून पटले. उरलेल्या काडतुसांतील एकवीस मोजून घ्या, तीन-तीनच्या सात पुड्या करा, त्यांवर जणू वेगवेगळी वजने आहेत असे समजून अ ते ऋ अशी अक्षरे लिहा आणि नेहमीप्रमाणे सात ग्रुप मारा. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा माझा सर्वांत लहान ग्रुप सर्वांत मोठ्याच्या निम्म्याहूनही लहान होता, आणि त्या दोन पुड्या एकाच डब्यातून आल्या आहेत हे ठाऊक नसते तर मी त्यांच्यातील फरकाचे एखादे कारण नक्कीच शोधून काढले असते. मधल्या दोन पायऱ्यांवर ग्रुप लहान झाला की तिथे बॅरलच्या कंपनांचा ‘नोड’ (ज्या वजनावर कंपनांचा परिणाम सर्वांत कमी असतो तो टप्पा) सापडला, असे म्हणण्याची सवय काडतुसे भरणाऱ्यांमध्ये फार खोल रुजली आहे. बॅरल कंप पावते हे खरेच आहे. पण एका पायरीला तीन गोळ्या मारून तो नोड दिसत नाही. तुम्हाला दिसतो तो बहुतेक वेळा योगायोग असतो.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे त्याबद्दल. तुम्हाला ही काडतुसे कशासाठी हवी आहेत, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि उत्तराचा निम्मा भाग त्यावर ठरतो. शरद ऋतूत दीडशे-दोनशे यार्डांच्या आत हरणाची शिकार हा हेतू असेल, तर तुमची रायफल आजच पुरेशी अचूक आहे. तिथे थंड बॅरलमधून सुटणारी पहिली गोळी दर वेळी एकाच जागी जाते का, हे तपासणे ग्रुपच्या आकारापेक्षा महत्त्वाचे आहे. ६०० यार्डांच्या एफ-क्लास (पालथे झोपून, आधारावर ठेवलेल्या रायफलीने लांबवर मारण्याच्या) सामन्यात उतरायचे असेल, तर दहा गुणांचे वर्तुळ सहा इंच व्यासाचे आणि त्यातील एक्सचे वर्तुळ तीन इंचांचे असते. म्हणजे अनुक्रमे सुमारे एक मिनिट ऑफ अँगल (कोन मोजण्याचे एकक) आणि सुमारे अर्धे. एक मिनिट म्हणजे १०० यार्डांवर १.०४७ इंच. त्या सामन्यासाठी मात्र पुष्कळ काम बाकी आहे, आणि त्यातले बरेचसे काडतुसात नसून रायफल, आधार आणि वारा यांत असेल.

अचूकतेच्या आधी सुरक्षिततेचा एक परिच्छेद मी गाळू शकत नाही. पावडरच्या पायऱ्या गोळी किंवा पावडर बनवणाऱ्याच्या छापील तक्त्यातूनच घ्यायच्या, सुरुवात तक्त्यातील किमान वजनापासून करायची आणि कमाल आकड्याच्या वर जायचे नाही. कोणा ओळखीच्या माणसाच्या रायफलीत जे वजन चालले ते तुमच्या रायफलीत चालेलच असे नाही. केस, प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) किंवा पावडरचा लॉट (एका वेळी बनलेला साठा) बदलला तर पुन्हा खालून सुरुवात करावी. चाचणीच्या दिवशी प्रत्येक गोळीनंतर केस उचलून पाहावी. बोल्ट उचलायला जड जाऊ लागला, प्रायमर चपटा झाला, केसच्या तळावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकचकीत ठसा उमटला, तर त्या पायरीवर थांबावे आणि त्याच्या वरची काडतुसे घरी नेऊन पुलरने (गोळी केसमधून ओढून काढणाऱ्या अवजाराने) उकलावीत. एवढी मेहनत वाया जाईल म्हणून ती मारून संपवू नयेत. शिवाय ही लक्षणे उशिरा दिसतात, त्यामुळे ती दिसली नाहीत म्हणजे दाब सुरक्षित आहे असा अर्थ होत नाही. आणि एखादी गोळी सुटताना आवाज नेहमीपेक्षा हलका वाटला, तर पुढचे काडतूस मुळीच घालू नये. रायफल रिकामी करून, बोल्ट काढून, बॅरल आरपार दिसते का ते पाहावे, कारण पावडर न भरलेल्या काडतुसाची गोळी बॅरलमध्ये अडकलेली असू शकते.

आता माझी स्वतःची पद्धत सांगतो. मी कोणतीही चाचणी घरी भरलेल्या काडतुसांनी सुरू करत नाही. आधी कारखान्यात बनलेल्या, चांगली ख्याती असलेल्या मॅच (स्पर्धेसाठीच्या) काडतुसांच्या दहा गोळ्या मारतो. .३०८ साठी फेडरलचे गोल्ड मेडल हे १६८ ग्रेनच्या त्याच सिएरा गोळीचे काडतूस सहज मिळते आणि तुलनेसाठी ते फार सोयीचे आहे. या दहा गोळ्या मला त्या दिवसाबद्दल सांगतात: माझा हात, वारा, स्कोप, आधार हे सर्व नेहमीसारखे आहे का? ओळखीचे काडतूसच विखुरले असेल, तर त्या दिवशी नव्या काडतुसांवर निर्णय देण्याचा मला अधिकार नाही. एका उन्हाळ्यात मी दोन महिने पावडर बदलत राहिलो आणि शेवटी दोष स्कोपच्या बेसच्या सैल स्क्रूचा निघाला. संदर्भाच्या दहा गोळ्या पहिल्याच दिवशी मारल्या असत्या तर तो त्याच दिवशी समजला असता. तेव्हापासून रेंजवर निघण्यापूर्वी अ‍ॅक्शनचे आणि स्कोपचे स्क्रू टॉर्क रेंचने तपासणे हा माझा नियम आहे.

बाकावरचा आधार शक्य तितका निर्जीव असावा. तुम्ही बायपॉड वापरता असे लिहिले आहे. तो वाईट नाही, परंतु लाकडी बाकावर त्याचे पाय उसळतात आणि ती उसळी दर वेळी सारखी नसते. पुढे वाळूची भरगच्च पिशवी किंवा रेस्ट आणि मागे दस्त्याखाली दुसरी पिशवी घ्या. डोळे मिटून, श्वास सोडून, पुन्हा उघडल्यावर क्रॉसहेअर आपोआप लक्ष्यावर आले पाहिजेत; ते हाताने ढकलून आणावे लागत असतील तर पिशवी हलवा, रायफल ओढू नका. स्कोपचे पॅरलॅक्स १०० यार्डांसाठी नीट लावा: डोके किंचित हलवले तरी क्रॉसहेअर कागदावर सरकायला नको. साफ केलेल्या बॅरलमधून पहिल्या चार-पाच गोळ्या हिशेबाबाहेर मारा. गोळ्यांमधील वेळ सारखा ठेवा, आणि तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस घालून वारा थांबण्याची वाट पाहत बसू नका, कारण पावडर गरम झाली की दाब आणि वेग दोन्ही वाढतात.

वाऱ्याबद्दल, ‘शंभर यार्डांवर वारा काय करणार’, असे पुष्कळ जण म्हणतात. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तुमच्या गोळीला १०० यार्डांवर सुमारे पाऊण इंच सरकवतो. अर्ध्या इंचाच्या ग्रुपचा शोध घेणाऱ्या माणसाने हे दुर्लक्षून कसे चालेल? काठीला बांधलेली रंगीत फीत पन्नास यार्डांवर रोवा आणि ती ज्या स्थितीत असताना पहिली गोळी मारली त्याच स्थितीत पुढच्या मारा.

यानंतरची गोष्ट सर्वांत कमी लोक करतात, पण माझ्या मते तिचे मोल सर्वांत अधिक आहे: गोळ्यांचा क्रम. तुम्ही पहिल्या पायरीच्या तिन्ही, मग दुसरीच्या तिन्ही, असे मारत गेलात. या क्रमात बॅरल तापत जाते, खांदा थकत जातो, दुपारचा वारा वाढत जातो आणि या सगळ्याचा भार शेवटच्या पायऱ्यांच्या माथी बसतो. त्याऐवजी प्रत्येक वजनासाठी वेगळे टार्गेट लावा आणि फेऱ्या करा: पहिल्या टार्गेटवर एक, दुसऱ्यावर एक, तिसऱ्यावर एक, की पुन्हा पहिल्यावर. दिवसभरात जे काही बिघडेल ते सर्वांच्या वाट्याला सारखे येते. पुढच्या फेरीला क्रम उलटा केला तर आणखी चांगले. हातून चूक झालेली गोळी वगळायची असेल तर ते ट्रिगर दाबताक्षणी, छिद्र पाहण्यापूर्वी, वहीत लिहावे. छिद्र दूर दिसल्यावर ‘ती माझी चूक होती’ असे म्हणण्याची सवलत मी स्वतःला देत नाही, कारण तशी सवलत घेतली की कोणतेही काडतूस अचूक ठरवता येते.

मोजणीबद्दल थोडे अधिक लिहितो. ग्रुपचा आकार म्हणजे सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधील अंतर. यात एक अडचण आहे: दहा गोळ्या मारल्या तरी आकडा दोनच गोळ्या ठरवतात, बाकी आठांचे म्हणणे कोणी ऐकतच नाही. म्हणून मी सरासरी त्रिज्या मोजतो. सर्व छिद्रांचे मध्यस्थान काढायचे, प्रत्येक छिद्राचे त्यापासूनचे अंतर मोजायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची. फोनवरून टार्गेटचा फोटो घेऊन हे काम करणारी अ‍ॅप्स आहेत. पट्टी आणि आलेखाच्या कागदानेही ते जमते. यात प्रत्येक गोळीला मत असते आणि वेगवेगळ्या दिवसांचे ग्रुप एकत्र करता येतात. हेही लक्षात ठेवा की गोळ्या वाढल्या की ग्रुप मोठा होतो, आणि ते स्वाभाविक आहे. ज्या रायफलीचा तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी एक इंच, तिचा पाच गोळ्यांचा सुमारे सव्वा इंच आणि दहांचा सुमारे १.६ इंच येतो. तुमच्या रायफलीबद्दल आज प्रामाणिकपणे सांगता येईल असा आकडा हाच आहे: दहा गोळ्या, १.६ इंच. तो ऐकून निराश होण्याचे कारण नाही, कारण ‘माझी रायफल अर्ध्या इंचात मारते’ असे सांगणाऱ्या बहुतेकांनी दहा गोळ्या कधी एकत्र मोजलेल्याच नसतात.

क्रोनोग्राफच्या (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यांनाही हीच मर्यादा लागू होते. पाच गोळ्यांवरून वेगाचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप) १० फूट प्रति सेकंद आले, तर खरा आकडा ६ ते २९ यांच्यात कुठेही असू शकतो; वीस गोळ्या मारल्यावर हीच कक्षा साधारण ८ ते १५ वर येते. म्हणून पाच गोळ्यांच्या ‘एकअंकी’ विचलनावर मी आनंद मानत नाही. शिवाय १०० यार्डांवर वेगाचा फरक दिसतच नाही. ५० फूट प्रति सेकंदाच्या फरकाने तिथे गोळी जेमतेम एक दशांश इंच वर-खाली होते, तर ६०० यार्डांवर तोच फरक चार-पाच इंचांचा होतो. तेव्हा जवळच्या अंतरावर ग्रुप पाहा, वेगाचा एकसारखेपणा क्रोनोग्राफवर पाहा, आणि दोन्ही एकत्र ठेवून लांबचे अंतर गाठा. बॅरलला बांधायचा क्रोनोग्राफ असेल तर ग्रुप मोजताना तो काढून ठेवा, कारण त्याच्या वजनाने गोळी पडण्याची जागा बदलते.

भारतातील वाचकांसाठी एक गोष्ट जोडतो, कारण तिकडच्या मित्रांनीही मला याबद्दल विचारले आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो, त्यामुळे घरी काडतुसे भरण्याचा अमेरिकेतील हा छंद तिथे तसाच उचलता येत नाही. आणि ५० मीटर रायफल प्रकारात वापरले जाणारे .२२ चे रिमफायर (ज्यात वेगळा प्रायमर नसून पेटवणारा मसाला तळाच्या कडेतच असतो असे) काडतूस तर पुन्हा भरण्यासारखे नसतेच. पण चाचणीचा प्रश्न तोच आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात दहाचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. तिथे नेमबाज पावडर बदलू शकत नाही, पण कारखान्याचा कोणता लॉट आपल्या बॅरलला मानवतो हे तपासू शकतो. एली आणि लापुआ या कंपन्यांनी त्यासाठी चाचणी केंद्रे उभारली आहेत, जिथे बॅरल घट्ट धरून वेगवेगळे लॉट मारून पाहिले जातात. तिथेही दहा गोळ्यांच्या एका सुंदर ग्रुपवर लॉट विकत घेऊ नये. निवडलेला लॉट पुन्हा तपासून मगच पेट्या उचलाव्यात.

आता तुम्ही काय करावे. सात पायऱ्या सोडून द्या. ०.३ ग्रेन म्हणजे जवळजवळ २० मिलिग्रॅम; एवढ्या फरकाने ग्रुपमध्ये जो बदल होत असेल तो ओळखण्याइतक्या गोळ्या तुम्ही मारणार नाही आणि मारूही नयेत, कारण बॅरलचे आयुष्यही त्याच गोळ्यांत खर्च होते. दोन काडतुसांमध्ये दहा टक्क्यांचा फरक असेल तर तो वीस-वीस गोळ्यांतही खात्रीने ओळखता येत नाही. म्हणून मोठे फरक शोधा. गोळी बदलणे, पावडरचा प्रकार बदलणे यांनी जेवढा बदल घडतो तेवढा वजनाच्या बारीक पायऱ्यांनी घडलेला मी फार क्वचित पाहिला आहे. गोळी किती खोल बसवायची याचा परिणाम या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतो, पण ते पुढचे काम आहे.

येत्या शनिवारी फेडरलची वीस काडतुसे घ्या आणि तुमच्या उरलेल्या काडतुसांतील वीस घ्या. दोन टार्गेटे लावा, बायपॉड काढून पिशव्यांवर रायफल ठेवा, आणि एक इकडे एक तिकडे अशा दहा-दहा गोळ्या आलटून पालटून मारा. उरलेल्या दहा-दहा दुसऱ्या दिवशी, शक्यतो वेगळ्या हवेत, त्याच पद्धतीने मारा. मग चारही ग्रुपांची सरासरी त्रिज्या काढा. दोन्ही काडतुसांचे आकडे जवळपास सारखे आणि ०.५ इंचाच्या आसपास आले, तर पुढचा खर्च पावडरवर न करता बॅरल, बेडिंग (रायफल दस्त्यात घट्ट बसवणे) किंवा सरावावर करा. फेडरलचा आकडा स्पष्टपणे लहान आला, तर तुमच्या भरण्यात सुधारणेला खरोखर जागा आहे. तसे झाले तर केस कोणत्या बनावटीच्या आणि कितव्यांदा भरलेल्या आहेत, गोळी लँड्सपासून (बॅरलमधील पिळाच्या उंच कडांपासून) किती अंतरावर बसवली आहे आणि पावडर कोणती आहे, एवढे कळवा, तिथून पुढे पाहू.